शोभेचं इंजिन ठेवा, पण आधी दप्तर वाचवा: कुर्डुवाडीहून मध्य रेल्वेला खुले पत्र

प्रति,
मा. महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई
मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक, सोलापूर

स. न. वि. वि.

कुर्डुवाडी स्थानक अमृत भारत या स्थानकं नव्यानं सजवायच्या योजनेत आहे. म्हणजे आज ना उद्या भिंतींवर चित्रं रंगणार, आणि स्थानकाबाहेरच्या बागेत चौथऱ्यावर एखादं जुनं इंजिन बसवायचा विषय कुणीतरी मीटिंगमध्ये काढणार. काढला की सगळे माना डोलावणार. म्हणून हे पत्र आधीच लिहून ठेवतोय. इंजिन जरूर ठेवा, पण आधी तुमच्या कपाटांतलं जुनं दप्तर, म्हणजे नकाशे, मस्टर, कागद वाचवा. काळा रंग फासून, लाल पट्टा ओढून, शेजारी सेल्फी पॉइंटची पाटी रोवून या गावाची आठवण निकालात काढू नका. आमचं गाव रेल्वेनं वसवलं, रेल्वेनं पोसलं आणि रेल्वेनंच एका निर्णयात त्याचं निम्मं काम काढून घेतलं. तो निर्णय बरोबर होता, हेही मी याच पत्रात लिहिणार आहे.

दर दोन-तीन वर्षांनी साहेब बदलतात. येणाऱ्या साहेबांना यार्ड दाखवतात, कारखाना दाखवतात, चहा देतात. गावाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. ती थोडक्यात सांगतो.

कुर्डू हे मूळ गाव जुनं. आम्ही त्याच्या शेजारी नंतर आलो. १८५९ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) कंपनीची मोठी लाईन दिक्सळहून पुढे सरकत इथे पोचली आणि पुढच्या वर्षी सोलापूरला गेली. माळावर जे स्टेशन झालं, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, त्याला कंपनीनं नाव दिलं बार्शी रोड, कारण 'बार्शी तिथे सरशी' म्हणायचे ती कापसाची आणि गळिताच्या धान्याची पेठ इथून वीसेक मैल आत राहिली होती. माल बैलगाड्यांनी येऊन इथे रेल्वेत चढायचा. पंढरीची वारीही इथेच उतरायची आणि पुढची तीसेक मैलांची वाट बैलगाडीनं, टांग्यानं किंवा पायी तुडवायची. तेव्हा गावाची पहिली वस्ती कोणाची, असं विचारलं तर उत्तर सोपं आहे: गाडीवान, हमाल, खानावळवाले, आणि उतारूंच्या जिवावर जगणारे आमच्यासारखे सगळे.

मग आला एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला होता. बार्शीला आगगाडी न्यायची तर मोठ्या लाईनचा खर्च परवडणार नाही, हे त्यानं ओळखलं. त्यानं अडीच फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर) धरला, १८९५ मध्ये लंडनला बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि १८९७ मध्ये, दुष्काळ आणि प्लेग दोन्ही दारात असताना, बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू केली.

लोक याला आजही झुकझुक गाडी म्हणून हसतात, म्हणून इथे जरा थांबतो. कॅलथ्रॉपची खुबी गेज लहान ठेवण्यात नव्हती. लहान गेजच्या गाड्या जगात आधीही होत्या. त्यानं नियम असा घातला की इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या दांड्यावर, ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये, आणि भरलेल्या वाघिणीनं त्या ५ टनांपर्यंत मात्र जायचंच. हलका रूळ टाकायचा आणि त्याची ताकद पुरेपूर वापरायची. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीची पहिली इंजिनं एकमेकांना जोडलेली आठ चाकं आणि मागे आणखी चार चाकं अशी घेतली, वजन वाटलं जावं म्हणून. वाघिणी दाबलेल्या पोलादाच्या, बोगीवर चालणाऱ्या. हे सगळं इकडे धाडण्यापूर्वी लीड्सजवळ न्यूले इथे तात्पुरते रूळ टाकून जाणकारांना चालवून दाखवलं. हलकी रेल्वे करावी कशी, याचा तो त्या काळचा धडा होता, आणि धड्याला नाव होतं आमच्या शेजारच्या गावाचं.

याच माणसानं पुढे इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगरी भागात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाईन बांधली, ती बार्शीच्याच धर्तीवर. तिथल्या इंजिनांनाही आपल्याकडचे मोठाले हेडलाईट लावले होते. १९०४ मध्ये ती लाईन सुरू झाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. बार्शी लाईट शंभरी पार करून गेली. (कॅलथ्रॉप नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. जमिनीवर ५ टनांचा हिशेब पक्का बसला, मग आकाशाकडे वळला असावा.)

एका बाजूला मोठी लाईन, दुसऱ्या बाजूला छोटी. मोठीचा गेज १६७६ मिलिमीटर, छोटीचा ७६२. एका लाईनीची वाघीण दुसऱ्या लाईनीवर जाऊच शकत नाही. म्हणजे बार्शीहून, नंतर लातूरहून आलेलं प्रत्येक पोतं आणि रुईची प्रत्येक गाठ कुर्डुवाडीत माणसाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जायची. आमच्या आजोबांची सारी हयात या 'ट्रान्सशिपमेंट'मध्ये गेली. दोन्ही वाघिणींच्या दारांमध्ये सागाची जाड फळी टाकायची. छोट्या वाघिणीचा तळ वेगळ्या उंचीवर, मोठीचा वेगळ्या. त्यामुळे फळी कधी सपाट बसायची नाही, एका अंगाला उतार राहायचाच. माणसं अनवाणी चालायची, कारण फळी पायाखाली कळावी लागते. घामानं आणि तळव्यांनी घासून ती मधोमध गुळगुळीत व्हायची, इतकी की पावसाळ्यात मुकादम तिच्यावर राख भुरभुरायला लावायचा. उजव्या हातात लोखंडी हूक, खांद्यावर दुहेरी घडी घातलेलं बारदान. आजोबांच्या उजव्या खांद्यावर त्या बारदानाच्या जागी कातडं म्हशीच्या मानेसारखं निबर झालं होतं. दोन कंपन्यांचे रूळ एकमेकांत बसत नव्हते, एवढ्यावर आमच्या घराची चूल पेटत होती.

लाईन वाढत गेली तसं गावही वाढलं. १९०६ मध्ये छोटी गाडी पंढरपूरला गेली, १९११ मध्ये लातूरला, आणि १९२७ मध्ये थेट मिरजेला. सगळी मिळून ३२५ किलोमीटर. कॅलथ्रॉप त्याच १९२७ साली वारला. ही लाईन इंग्रजी मुलखातून निघून निजामाच्या राज्यात शिरायची. एकाच डब्यात सोलापूर जिल्ह्याचा बागवान आणि निजामाच्या मराठवाड्याचा कुणबी मांडीला मांडी लावून बसायचे. १९४१ च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद ज्या कसबे तडवळ्याला भरली, ते गाव याच लाईनवरचं. आषाढी-कार्तिकीला तर डब्यात जागा उरायची नाही. माणसं टपावर बसायची, दोन डब्यांच्या मधल्या सांध्यावर उभी राहायची, आणि गाडी इतकी बेतानं चालायची की टपावरही भजन रंगायचं.

१ जानेवारी १९५४ ला सरकारनं कंपनी घेतली आणि बार्शी लाईट मध्य रेल्वेत आली. कुर्डुवाडीच्या दृष्टीनं हे सोन्याचे दिवस. छोट्या गाड्यांचा कारखाना इथे, ड्रायव्हर-गार्डची रनिंग रूम इथे, माल चढ-उताराची शेड इथे. गावात फिटर, बॉयलरमेकर, खलाशी, पॉइंट्समन, गँगमन. लग्नाच्या बाजारात रेल्वेतला मुलगा शेतकऱ्यापेक्षा वरचढ. कारखान्याच्या भोंग्यावर बायका भाकरीचा तवा ठेवायच्या. रात्री-अपरात्री कॉल बॉय कंदील घेऊन यायचा, ड्रायव्हरला उठवायचा आणि वहीवर सही घ्यायचा. ती सही झोपेत करणारे महाभागही होते आणि मग गाडी सुटायची वेळ आली तरी ड्रायव्हरचा पत्ता नसायचा. तमिळ, तेलुगू, उत्तर हिंदुस्थानी, गोवेकर ख्रिस्ती, सगळे रेल्वे कॉलनीत होते. माढा तालुक्यातल्या इतर कुठल्या गावाला ही मिसळ नव्हती. आमच्या पिढीला चुरमुऱ्याचा चिवडा आणि इडली एकाच वयात माहीत झाली, ती या कॉलनीमुळे.

आता त्या निर्णयाकडे येतो. देशभर एकच गेज करायचं ठरलं आणि २००० नंतरच्या दहाएक वर्षांत आमची छोटी लाईन टप्प्याटप्प्यानं उखडून मोठी झाली. आधी पंढरपूर, मग २००७-०८ मध्ये लातूरकडची बाजू, शेवटी मिरजेकडची. जुन्या छोट्या लाईनीनं उस्मानाबाद शहराला, म्हणजे आजच्या धाराशिवला, कधी रेल्वे दिलीच नव्हती. नव्या मार्गानं वळण घेऊन ती दिली. एका जिल्ह्याच्या ठिकाणाला पहिल्यांदा आगगाडी मिळाली, त्यावर कुरकुर करणारा मी कोण?

आणि कुरकुर करायला जागाही उरली नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर तहानलेलं होतं. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली, लोकांनी तिला जलदूत म्हटलं, आणि १२ एप्रिलला ती लातूरला पोचली. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, म्हणजे अगदी आमच्या बार्शी लाईटच्याच वाटेनं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. नंतर ५० वाघिणींच्या गाड्या गेल्या, एका खेपेला २५ लाख लिटर. आता कॅलथ्रॉपचा हिशेब लावून बघा. चार आसांची वाघीण, आसाला ५ टन, म्हणजे वाघिणीसकट सगळं वजन २० टन. जलदूतच्या एका वाघिणीत नुसतं पाणीच ५० टन होतं. छोटी लाईन राहिली असती तर मिरजेचं पाणी लातूरच्या अर्ध्या गल्ल्यांनाही पुरलं नसतं. गेजबदलाच्या विरोधात बोलणाऱ्या आमच्यातल्या हळव्या मंडळींना मी हा हिशेब ऐकवतो आणि ते गप्प बसतात. २८ डिसेंबर २०२० ला शेतमाल नेणारी देशातली १०० वी किसान रेल निघाली तीही याच वाटेवरच्या सांगोल्याहून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. सांगोल्याचं डाळिंब वाटेत एकदाही वाघीण न बदलता पार बंगालपर्यंत गेलं.

पण वाघीण बदलावी लागत नाही, म्हणजेच फळी गेली, हूक गेला, शेड गेली. हमालांची पोरं टेंभुर्णीच्या एमआयडीसीत गेली, पुण्याला गेली, काही साखर कारखान्यांवर लागली. रनिंग रूमसमोरच्या खानावळी एकेक करून मिटल्या. कोल्हापूर-नागपूरसारख्या गाड्या आता जुन्या छोट्या लाईनीची अख्खी वाट तुडवत जातात आणि कुर्डुवाडी त्यांच्या वाटेवरचं एक स्थानक आहे. २०२३ च्या फेब्रुवारीपासून मुंबई-सोलापूर वंदे भारत धावू लागली. पुणे सोडल्यावर सोलापूरच्या आधी ती कुर्डुवाडीला थांबते. याचा आम्हाला अभिमान आहेच. पहिल्या दिवशी फलाटावर हार-तुरे घेऊन गेलेल्यांत मीही होतो. पण थांबा मिनिटा-दोन मिनिटांचा. उतरणारा माणूस तडक पंढरपूरच्या गाडीत किंवा एसटीत बसतो. गावात चहा प्यायलाही थांबत नाही.

राहिला कारखाना. छोट्या गाड्यांच्या डब्यांची मोठी दुरुस्ती करणारा मध्य रेल्वेचा हा कारखाना. माथेरानचे डबे इथे येतात. नेरळहून डबा ट्रेलरवर घालून घाट चढवून माढा तालुक्यात आणायचा, खोलून, ठोकून, रंगवून परत पाठवायचा, हे पाहुण्यांना सांगितलं की त्यांना खरं वाटत नाही. माथेरानचा गेज २ फुटी, आमचा अडीच फुटी; तरी त्या डब्यांची नस ज्यांना कळते अशी माणसं या भिंतींच्या आत तयार झाली. एके काळी मूर्तिजापूर-यवतमाळ, पाचोरा-जामनेर, पुलगाव-आर्वी अशा छोट्या लाईनीही होत्या. त्या सगळ्या थांबल्या. त्या लाईनींबरोबर ते काम जाणणारे हातही पांगले. आमच्याकडचे अजून थोडे शाबूत आहेत. वाफेचं इंजिन बांधायला-उकलायला शिकलेले फिटर आज सत्तरी-पंचाहत्तरीचे आहेत. सकाळी मारुतीच्या पारावर बसतात, गुडघे चोळतात आणि स्टीफन्सन व्हॉल्व्ह गिअर (इंजिनात वाफ सोडणाऱ्या झडपा हलवणारी यंत्रणा) म्हणजे काय हे तुम्हाला तंबाखूच्या चार पुड्या मांडून समजावतात. मी समजून घ्यायचा प्रयत्न केलाय. चौथी पुडी सरकवली की माझा गोंधळ उडतो. पण रेल्वेच्या एखाद्या नव्या अप्रेंटिसला ते नक्की कळेल.

तेव्हा मागणं असं आहे. नव्या इमारतीसाठी जुन्या खोल्या रिकाम्या होतील तेव्हा कपाटं भंगारात देऊ नका. जुने नकाशे, इंजिनांची ड्रॉइंग्ज, गँगचे चार्ट, मस्टर, अपघाताच्या चौकश्या, वाळवीनं खाल्लेली का होईना, आधी कुणा जाणत्याला उघडून बघू द्या. लंडनच्या कंपनीत काय ठरलं हे पुस्तकांतून मिळेल. १९३५ सालच्या एखाद्या मंगळवारी कुर्डुवाडीच्या शेडमध्ये कुणाकुणाची हजेरी लागली, हे फक्त तुमच्या कपाटात मिळेल. मला माझ्या आजोबांचा अंगठा त्या मस्टरवर बघायचा आहे, हे उघडच कबूल करतो. पण तसे अंगठे या गावातल्या शेकडो घरांचे आहेत. स्कॅन करून एक प्रत नगरपरिषदेच्या वाचनालयाला दिलीत तरी चालेल, मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा.

दुसरं, त्या म्हाताऱ्या फिटरांना मानधन देऊन महिन्यातून चार दिवस कारखान्यात बोलवा. व्हिडिओ काढा, अप्रेंटिस पोरांना त्यांच्या हाताखाली उभं करा. माथेरानची गाडी तुम्ही चालवणार आहात, तिचे डबे कुणीतरी दुरुस्त करणार आहे. ते काम कुर्डुवाडीतून हलवू नका. या कामाला लागणारी पोरं आमच्या आयटीआयमधून मिळतील, बाहेरून आणावी लागणार नाहीत.

तिसरं स्थानकाचं. चित्रं रंगवायचीच असतील तर विठोबा रंगवा, आमची ना नाही. विठोबामुळेच गाडी पंढरपूरला गेली. पण एका भिंतीवर त्या ३२५ किलोमीटरचा नकाशा काढा, कुर्डुवाडी मधोमध, एका टोकाला लातूर, दुसऱ्याला मिरज, वर्षांसकट. शेजारी दोन रुळांचे तुकडे खऱ्या मापात, एक मोठ्या गेजचा, एक छोट्याचा. लहान पोर एक पाय इथे आणि एक तिथे टाकून उभं राहील तेव्हा त्याला कळेल की आपलं गाव कशातून उभं राहिलं. आणि इंजिन ठेवलंतच, तर त्याच्या पाटीवर बांधणाऱ्या कंपनीचं नाव आणि वर्ष लिहिता तसंच ते कुर्डुवाडीच्या कारखान्यात कुणी दुरुस्त केलं, तेही लिहा. फिटर, बॉयलरमेकर, खलाशी, नावासकट. नावं मस्टरमध्ये आहेत.

चौथं, आणि याला पैसा लागत नाही: वेळापत्रक. लातूरकडून आलेल्या माणसाला मिरजेकडे जायचं असेल, पंढरपूरच्या माणसाला सोलापूरकडे, तर त्याला कुर्डुवाडीत तासन्‌तास ताटकळायला लावू नका. गाड्यांचा मेळ जुन्या छोट्या लाईनीच्या वेळापत्रकात घातलेला असायचा. मोठ्या लाईनीची डाक येईपर्यंत छोटी गाडी उभी ठेवायचे. आता संगणक आहे, सिग्नल आहे, तारा आहेत. मेळ घालणं आता अवघड नसावं.

यातलं तिसरं आणि चौथं उशिरा झालं तरी चालेल. कपाटांचं मात्र पावसाळ्यापूर्वी बघा, शेडचं छप्पर गळतंय.

कळावे,
आपला,
कुर्डुवाडीचा एक रहिवासी
(ट्रान्सशिपमेंटच्या एका हमालाचा नातू)